आमच्या गच्चीचं पाणी, शेजारच्यांचं बोअर

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमतं. शाळेतलं गणित, पण ते स्वतःच्या गच्चीला लावून बघावं. आमच्या सोसायटीची गच्ची साधारण ५०० चौरस मीटरची. म्हणजे २० मिलिमीटरची एक दणकून सर आली की १०,००० लिटर पाणी आमच्या डोक्यावर पडलं. १०,००० लिटर म्हणजे एक टँकर. मे महिन्यात ज्याच्यासाठी सेक्रेटरी सकाळपासून फोन लावत बसतात, जो फाटकातून आत आला की वॉचमन धावत जाऊन टाकीचं झाकण उघडतो, तेवढं पाणी जूनमध्ये अर्ध्या तासात गच्चीवर उतरतं आणि पाइपातून थेट गटारात निघून जातं.

वर्षाचा हिशेबही मांडू. पुण्यात सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ५०० गुणिले ७०० म्हणजे साडेतीन लाख लिटर. काही गच्चीतच जिरतं, काहीची वाफ होते, पहिल्या सरींचं घाण पाणी सोडून द्यावं लागतं, म्हणून शेकडा ऐंशी धरायचं. उरतात २ लाख ८० हजार लिटर, म्हणजे अठ्ठावीस टँकर. इथपर्यंत सगळे खूश असतात. मग पुढचा आकडा सांगावा लागतो. आमची चाळीस बिऱ्हाडं, घरटी चार माणसं, आणि शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर हे सरकारी प्रमाण. रोजचे झाले २१,६०० लिटर. त्या हिशेबाने अख्ख्या पावसाळ्यातलं गच्चीचं पाणी आम्हाला पुरतं तेरा दिवस.

हा आकडा मला लपवावासा वाटत नाही. पाऊसपाण्याच्या कामाचं सर्वात जास्त नुकसान कोणी केलं असेल तर ‘एकदा पाणी जिरवायचा खड्डा करून घ्या, टँकर कायमचा बंद’ असं सांगणाऱ्यांनी. बंगल्यात चित्र निराळं असतं. १०० चौरस मीटरची गच्ची आणि चार माणसं असतील तर तेच गणित साडेतीन महिन्यांवर जातं. पण आता बंगले राहिलेत किती? गच्ची तेवढीच आणि खाली मजल्यांवर मजले, असं शहर आपण बांधलं. बारा मजली टॉवरच्या गच्चीकडून त्या टॉवरची तहान भागवण्याची अपेक्षा करणंच चूक आहे. मग हा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर मला गच्चीवर मिळालं नाही, जमिनीखाली मिळालं. पण तिथे जाण्याआधी धरणांचं बोलायला हवं.

‘आपल्याला काय, चार-चार धरणं आहेत’ हे पुण्यात कायम ऐकू येतं. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. या धरणांत तरी दुसरं काय असतं? पावसाचंच पाणी. फक्त ते घाटमाथ्यावर पडलेलं, दुसऱ्यांच्या गावांवर साठवलेलं आणि कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतापर्यंत जायचं असलेलं. शहर वाढतं तशी त्या पाण्यावरची ओढाताण दरवर्षी वाढते. तिकडचा शेतकरी आवर्तनाची वाट बघत असतो आणि इकडे पिण्याच्या पाण्याने गाड्या धुतल्या जातात. आपल्या डोक्यावर पडलेलं पाणी गटारात सोडून द्यायचं आणि दुसऱ्याच्या डोंगरावरचं मागायचं, याची मला लाज वाटते. तेरा दिवस तर तेरा दिवस, तेवढे दिवस आपण धरणाकडे मागायचं नाही, इतकं साधं आहे ते.

आणि हे शहर असं नव्हतं. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून घेतला. आजूबाजूच्या डोंगरांवरचा पाऊस तिथे अडवला आणि माणूस आतून चालू शकेल एवढ्या विटा-चुन्याच्या बंदिस्त नळातून तो पेठांपर्यंत आणला. पंप नाही, काही नाही, निव्वळ उतार. मध्ये मध्ये हवा खेळायला उच्छ्वास ठेवले. पेठांमध्ये हौद बांधले. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद, नाना हौद, ही नावं आजही पत्ता सांगताना लोकांच्या तोंडी असतात. या नळाचं कौतुक होतं ते बहुतेक स्थापत्य म्हणून. मला त्याहून मोठी वाटते ती हौदाची रीत. पाणी फक्त वाड्यांपुरतं राहिलं नाही, चौकात आलं. ज्याला लागेल त्याने भरावं.

याच्या अगदी उलट रीत मुंबईत कान्हेरीला दिसते. शंभराहून जास्त लेणी, शेकडो वर्षांचा भिक्षूंचा वास, म्हणजे डोंगरावरचं एक गावच. तिथे जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या अंगणालगत स्वतःचं टाकं आहे, कातळात खोदलेलं. वर खडकावर चर कोरलेत आणि डोंगरावरून घरंगळणारं पाणी वळवून त्या टाक्यात सोडलंय. पावसाळ्यात जाऊन बघावं, आजही त्या चरांतून पाणी वाहताना दिसतं. ज्याचं लेणं त्याचं टाकं. काळा कातळ पाणी मुरू देत नाही, म्हणून त्याच्याच पोटात साठवण केली. गडांवरची टाकीही याच शहाणपणातली.

कात्रजची रीत सामाईक आणि कान्हेरीची ज्याची त्याची. आपण शहरातले लोक मनाने कान्हेरीचे आहोत, माझी गच्ची, माझं बोअर, माझं पाणी. पण पायाखालचा खडक ते मानत नाही.

आमच्या इमारतीत पाऊसपाण्याची सोय नकाशावर आहे. पार्किंगच्या कोपऱ्यात एक चौकोन, त्यात आडव्या रेघा, शेजारी बाण. बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यासाठी ती लागते, त्यामुळे ती आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या कमिटीने तो खड्डा शोधायचं ठरवलं, कारण तो दिसतच नव्हता. वर पेव्हर ब्लॉक बसवलेले. नकाशा घेऊन, भिंतीपासून टेप धरून जागा काढली, ब्लॉक उचकले, आणि खाली सिमेंटचं झाकण लागलं. पहारीने ते उचललं तर आत वरपर्यंत गाळ. तो कसा होता सांगते. वर काळा चिखल, त्यात गुलमोहराची सडलेली पानं, प्लास्टिकच्या पिशव्या, एका चपलेचा तळ. हातभर खाली गेल्यावर वाळू, पण दगडासारखी घट्ट झालेली. त्याखाली खडी. आणि गच्चीवरून येणारा पाइप? तो खड्ड्याच्या भिंतीपर्यंत येऊन थांबला होता. आत उघडलेलाच नव्हता. त्याच्या तोंडाला सिमेंट होतं. इतकी वर्षं त्या खड्ड्यात गच्चीचा थेंब गेला नव्हता, पार्किंगमधली धूळ आणि गाड्या धुतलेलं पाणी मात्र झाकणाच्या फटीतून जात होतं.

आमचे प्लंबर कामाचे पक्के आणि बोलायला मोकळे. ते म्हणाले, “ताई, दहा ठिकाणी उघडलं तर आठ ठिकाणी हेच निघतं. लोक दाखवायला करतात.” मग त्यांनीच खड्ड्याचं माप घेतलं आणि मला एक गोष्ट समजावली. खड्डा दोन मीटर लांब, दोन रुंद, दोन खोल. रिकामा असता तर ८,००० लिटर. पण त्यात दगड-खडी भरली की पाण्याला उरते जेमतेम तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त जागा. आणि वरून अर्ध्या तासात १०,००० लिटर येणार. म्हणजे तो अगदी स्वच्छ आणि चालू असता तरी मोठ्या सरीत बहुतेक पाणी वरून वाहूनच जाणार. खडक पाणी पितो, पण सावकाश पितो. म्हणून मधे कुठेतरी पाण्याला थांबायला जागा लागते, एखादी टाकी, जुनी विहीर, निदान बागेतला खोलगट भाग.

हा खडक म्हणजे काय चीज आहे ते समजल्याशिवाय पुण्यात या कामात पडू नये असं मी आता ठामपणे म्हणते. आपण बसलोय लाव्हाच्या थरांवर, एकावर एक रचलेल्या बेसाल्टवर. विहिरी खणणाऱ्यांना त्याची भाषा नीट येते. वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळवत्री. मुरुमात आणि मांजऱ्यात भेगा, पोकळ्या, म्हणून तिथे पाणी. काळवत्री अखंड, ठणठणीत, तिला चीर गेलेली असेल तरच पाणी. मधेच तांबडा मातकट थर लागतो, तो पाणी अडवून धरतो. आणि पाणी धरणारा थर जिथे आहे तिथेही खडकाच्या आकारमानाच्या शेकडा दोन-तीन भागच पाणी मावतं. वाळूच्या प्रदेशासारखी खाली मोठी साठवण नाही. लवकर भरतं, लवकर रिकामं होतं.

आता बोअर कसं घेतात ते बघा. वरचा मुरूम ढासळू नये म्हणून पक्का खडक लागेपर्यंत केसिंगचा पाइप घालतात. म्हणजे ज्या थरात पाणी सर्वात सहज मुरतं तोच थर पाइपाने बंद करतात आणि खाली दोनशे-तीनशे फुटांवर एखादी चीर सापडते का बघतात. पाणी कमी झालं की आणखी खोल. खोल गेल्याने पाणी वाढत नाही, फक्त पूर्वीच्या लोकांनी शिल्लक ठेवलेल्या जागी आपण पोचतो. बोअरमध्ये पाऊसपाणी सोडताना जाणकार लोक केसिंगला त्या वरच्या थरात चिरा पाडून, भोवती खडीचा गाळणीथर करतात ते याच्याचसाठी. आणि गाळल्याशिवाय एक थेंबही सोडत नाहीत. मातीचं पाणी बोअरमध्ये गेलं की चिरा बुजतात, मग ते बोअर पुन्हा उठत नाही. त्याहून वाईट म्हणजे ड्रेनेजच्या चेंबरला चिकटून खड्डा करणं. तो फुटला तर घाण फक्त आपल्या बोअरमध्ये राहत नाही.

ती जाते कुठे? उताराने खालच्या बाजूला. आमची सोसायटी टेकडीच्या पायथ्याच्या उतारावर आहे. वरच्या अंगाला मोकळा प्लॉट, खालच्या अंगाला दुसरी सोसायटी. आम्ही खड्डा साफ करून, पाइप जोडून, नवा गाळणीथर घालून घ्यायचा खर्च वार्षिक सभेत मांडला तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी उभं राहून विचारलं, “म्हणजे खर्च आपण करायचा आणि पाणी जाणार खालच्यांच्या बोअरला?”

प्रश्न अगदी रास्त होता. मी म्हणाले, “हो काका, बरंचसं तिकडेच जाणार.” सभेत कुजबुज सुरू झाली. मग मी विचारलं, आपल्या बोअरला पाणी येतं कुठून? आपल्या गच्चीचं तर आजवर खाली गेलेलंच नाही. ते येतं वरच्या मोकळ्या प्लॉटमधून आणि त्याच्या वरच्या टेकडीतून. तिथे गवत आहे, मुरूम उघडा आहे, पाऊस मुरतो. आपण इतकी वर्षं दुसऱ्याच्या जमिनीत मुरलेलं पाणी उपसतोय आणि त्याबद्दल आजवर कोणी आपल्याकडे पैसे मागितले नाहीत.

जुन्या पेठांत काही वाड्यांमध्ये सामाईक भिंतीतच आड असे, दोन्ही घरांतून एकाच पाण्यात पोहरे सोडायचे. एका घरात लग्न निघालं की दुसऱ्या घराला आडाच्या पातळीवरूनच कळत असेल. आजही सगळं तसंच आहे, फक्त भिंत जमिनीत खोल गेलीय म्हणून आड दिसत नाही. पुण्यात भूजलाचा अभ्यास करणारी ‘अक्वाडॅम’ ही संस्था आणि तिचे हिमांशू कुलकर्णी वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत की भूजल ही सामाईक गोष्ट आहे, बोअर खासगी असलं तरी थर खासगी नसतो. कायद्याची घडण मात्र वेगळी. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून आपण असं धरून चालतो की ज्याची जमीन त्याला तिच्याखालचं पाणी काढायचा हक्क. महाराष्ट्रात २००९ चा भूजल अधिनियम झाला, त्यात सार्वजनिक हिताचा विचार आला, पण सोसायटीच्या सभेत अजून १८८२ सालच चालू आहे.

ठराव थोड्या मतांनी पास झाला. त्यानंतर वर्षभरातच त्या वरच्या प्लॉटवर खोदकाम सुरू झालं. दोन मजली बेसमेंट. फेब्रुवारीत आमच्या रस्त्याच्या कडेने अहोरात्र स्वच्छ, थंडगार पाणी वाहायला लागलं. येणारे-जाणारे म्हणायचे पाइपलाइन फुटली वाटतं. मी जाऊन पाहिलं. खोदलेल्या खड्ड्याच्या भिंतीत, माणसाच्या दीड-दोन उंचीवर, मुरूम आणि काळ्या खडकाच्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. एका रेषेत, सगळ्या लांबीभर. खाली डबकं साठलेलं आणि त्यात दोन पंप. पाया कोरडा ठेवण्यासाठी ते पाणी बाहेर फेकणं चालू होतं. भूजल म्हणजे काय हे मी तोवर पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं. आणि ते गटारात चाललं होतं. आम्ही तिथल्या लोकांना विनंती केली की निदान ते पाणी आमच्या आणि खालच्या सोसायटीच्या बागेच्या टाकीत सोडा. त्यांनी काही दिवस सोडलं, मग पाइप काढून नेला. त्या उन्हाळ्यात आमचं बोअर मार्चमध्येच हवा ओढायला लागलं. खालच्यांचंही. एका तळघरासाठी किती घरांचं पाणी जातं याचा हिशेब बांधकामाची परवानगी देताना कोणी मागत नाही. मागायला हवा. उपसलेलं पाणी जवळच्या विहिरीत किंवा पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडण्याची अट घालायला काय हरकत आहे?

गच्चीवरच आपली नजर अडकते, खरं काम जमिनीवर आहे असं मला दिवसेंदिवस वाटायला लागलंय. आमचा प्लॉट २,००० चौरस मीटर. म्हणजे गच्चीच्या चौपट. वर्षाला त्यावर चौदा लाख लिटर पाऊस पडतो. त्यातली माती उघडी किती? कुंपणालगतची वीतभर पट्टी. बाकी सगळं काँक्रीट आणि ब्लॉक, कारण चिखल नको, गाड्या लावता आल्या पाहिजेत. मग ते सगळं पाणी एकदम रस्त्यावर. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यातल्या कोणाच्याही लक्षात असेल. कात्रजकडून येणारा आंबिल ओढा भरून घराघरांत शिरला, भिंती पडल्या, शहरात आणि आसपास वीसहून अधिक माणसं गेली. ओढ्याचं पात्र आवळलं हे मोठं कारण आहेच. पण टेकडीपासून नदीपर्यंत प्रत्येक प्लॉटने आपलं पाणी मिनिटभरही न थांबवता पुढे ढकललं, हेही आहे. मे महिन्यात टँकर आणि सप्टेंबरात पूर, त्याच रस्त्यावर.

अख्ख्या शहरात हे झालं तर काय होतं याचं उदाहरण चेन्नई. शेखर राघवन नावाचे भौतिकशास्त्राचे अभ्यासक १९९० च्या दशकात बेझंट नगर भागात दारोदार फिरून लोकांना पाऊस जिरवायला सांगत होते. पुढे २००३ साली तमिळनाडू सरकारने जुन्या-नव्या सगळ्याच इमारतींना ही सोय सक्तीची केली. विहिरींची पातळी वर आली, खारं पाणी गोडं झाल्याचा अनुभव अनेक वस्त्यांनी घेतला. आणि मग २०१९ चा उन्हाळा आला. पूंडी, चोलावरम, रेड हिल्स, चेंबरमबाक्कम हे चारही जलाशय आटले आणि जोलारपेट्टईहून पाण्याची रेल्वे आणावी लागली. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली ‘जलदूत’ आपण विसरलेलो नाही. चेन्नईचं उदाहरण देऊन काही जण म्हणतात, बघा, सक्ती करूनही उपयोग नाही. मला उलट दिसतं. आधीच्या वर्षी पाऊस कमी झाला, आणि सोय केलेल्या कित्येक ठिकाणी देखभालच नव्हती. पाइप तुटलेले, खड्डे गाळाने भरलेले. आमच्या पार्किंगखाली होतं तेच.

देखभाल हा शब्द उच्चारला की कंटाळा येतो, पण सगळं तिथेच आहे. दर मे महिन्यात गच्ची झाडून-धुऊन घ्यायची, भंगार आणि फुटक्या कुंड्या खाली आणायच्या. पाइपाच्या तोंडावरच्या जाळ्या बघायच्या. पाइपाच्या तळाला एक व्हॉल्व्ह असतो, तो पहिल्या दोन-तीन सरींत उघडा ठेवून पाणी बाहेर सोडायचं. त्या पाण्याची बादली एकदा भरून ठेवा म्हणजे पटेल. काळसर पाणी, कबुतरांची पिसं, आणि तासाभराने तळाला बोटभर गाळ. चौथ्या सरीची बादली मात्र नितळ. मग व्हॉल्व्ह बंद करायचा. जून ते सप्टेंबर आम्ही हे पाणी आधी फ्लशच्या टाकीत घेतो, तिथे भरलं की उरलेलं खड्ड्यात. रोज वापरलं जातं म्हणून टाकी रोज रिकामी होते आणि पुढच्या सरीला जागा मिळते. साठवून ठेवायच्या मोहापेक्षा हे बरं.

पुणे महापालिका अशा सोयीसाठी मिळकतकरात पाच टक्के सवलत देते, सौरऊर्जा किंवा गांडूळखतही असेल तर दहा. चांगलीच गोष्ट आहे. माझं एवढंच म्हणणं आहे की सवलत खड्डा असण्याला नको, पाणी खड्ड्यात जाण्याला द्यावी. एक बादली गच्चीवर ओतायची आणि ती खाली कुठे निघते ते बघायचं. याला इंजिनिअर लागत नाही.

आमचं बोअर आता आधीपेक्षा जास्त टिकतं. पण ते आमच्या खड्ड्यामुळे की गेल्या काही वर्षांतल्या चांगल्या पावसामुळे, हे छातीठोकपणे सांगायला मोजमाप हवं. ते यंदा सुरू झालंय. खालच्या सोसायटीच्या आवारात एक जुनी, कठड्याची विहीर आहे. कित्येक वर्षं तिच्यात निर्माल्य पडत होतं. त्यांनी ती उपसून साफ केली, वर जाळी बसवली, आणि आता दर रविवारी दोरीला नट बांधून पाण्याची पातळी मोजतात. आमच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे, त्याची नोंद आम्ही ठेवतो. दोन्ही आकडे एकाच वहीत लिहायचे ठरलंय. तिसऱ्या सोसायटीच्या अध्यक्षांनी त्यांच्या बोअरची पातळी द्यायचं कबूल केलंय. आणि सभेत प्रश्न विचारणारे आमचे काका परवा खाली जाऊन त्या विहिरीत वाकून बघत होते. परत येऊन म्हणाले, “आपल्या गच्चीवरून उतरणारा दुसरा पाइप त्यांच्या विहिरीतच का नाही सोडत? मधे फक्त एक भिंत आहे.” आता त्या भिंतीतून पाइप नेण्यासाठी दोन्ही कमिट्यांची सही असलेलं पत्र तयार करतोय. गाळणी आमच्या बाजूला, साफसफाईचा खर्च निम्मा निम्मा.